मडगावचे मैदान

बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात आम्हाला भारतीय संविधानाचा एक पेपर असतो. जमाखर्च आणि कॉस्टिंगमध्ये बुडालेल्या विद्यार्थ्याला हा पेपर पाठांतराचा वाटतो आणि खरे सांगायचे तर आम्ही तो तसाच सोडवतो. गेल्या सत्राच्या चाचणीत कलम १९ मधील एकत्र जमण्याच्या हक्कावर दोन गुणांचा प्रश्न होता. शांततेने आणि शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा हक्क नागरिकांना आहे, हे वाक्य मी इंग्रजीत जसेच्या तसे पाठ केले होते. उतरवले, आणि दोनपैकी दोन गुण मिळाले.

उत्तरपत्रिका परत देताना सरांनी मला उभे केले. “उत्तर बरोबर आहे. आता हा हक्क नसेल तर तुझे काय अडेल ते सांग,” ते म्हणाले. मी गप्प राहिलो. मी मराठी माध्यमातून आलेला. वर्गात इंग्रजीत बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते, हे सरांना ठाऊक आहे. ते म्हणाले, “मराठीत सांग. नाहीतर कन्नडात सांग.” या दोन्ही भाषा मला येतात. तरीही मी गप्पच राहिलो. तेव्हा कळले की अडचण भाषेची नव्हती, सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

या प्रसंगातून प्रस्तुत लेख निर्माण झाला. कन्नड विभागातील माझा एक मित्र त्या दिवशी शेजारच्या बाकावर होता. त्यालाही दोन गुण मिळाले होते आणि सरांनी विचारले असते तर तोही गप्पच राहिला असता, असे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. सरांनी आम्हा दोघांना मिळून एक काम दिले. “गोवा आपल्यापासून किती लांब आहे? मडगावला जा, लोहिया मैदान पाहून या आणि मग दोघेही आपापल्या विभागात लिहा.”

जाण्यापूर्वीचे वाचन

नुसते मैदान पाहून काही कळत नाही म्हणून महिनाभर आम्ही ग्रंथालयात वाचन केले. त्याचा थोडक्यात गोषवारा असा.

पोर्तुगिजांनी गोवा १५१० साली जिंकला. तेथून १९६१ पर्यंत, म्हणजे ४५१ वर्षे, त्यांचा अंमल तेथे होता. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही आली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्यातील जनता कायद्याच्या दृष्टीनेही वसाहतीची रयत ठरली. परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. छापण्याचा मजकूर आधी सरकारी तपासनिसाकडे न्यावा लागे. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही त्यातून सुटलेल्या नव्हत्या.

हे शेवटचे वाक्य वाचून मी थांबलो. माझ्या काकांचा लहानसा छापखाना आहे. संध्याकाळी मी तेथे हिशेब लिहायला जातो आणि लग्नसराईत पत्रिकांची प्रुफेही तपासतो. आमच्या गावात एकाच पत्रिकेवर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड मजकूर असतो. कधी मामाचे नाव राहते, कधी मुहूर्ताची वेळ चुकते, मग मुलीचे वडील धावत येतात. काका दुरुस्ती करतात आणि रात्रीत पत्रिका छापून देतात. या सगळ्या धावपळीत सरकार नावाचा तिसरा माणूस कोठेच नसतो. तो असता तर? मुलीच्या लग्नाची तारीख काय, पाहुणे कोणाच्या घरी जमणार आहेत, हे आधी एखाद्या अधिकाऱ्याला दाखवून त्याचा शिक्का आणावा लागला असता तर? सरांच्या प्रश्नाला उत्तर असू शकते, असे मला पहिल्यांदा तेथे वाटले.

१९४६ च्या जून महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया गोव्यात आले ते विश्रांतीसाठी. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत होते. पुढे पकडले गेले, लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला आणि एप्रिल १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. प्रकृती ढासळलेली होती. वय ३६. त्यांचे मित्र डॉ. जुलियाव मिनेझिस हे सासष्टीतील असोळण्याचे. दोघांची ओळख बर्लिनमधील विद्यार्थिदशेतली. लोहियांची तेथील डॉक्टरेट मिठावरील कर आणि सत्याग्रह या विषयाशी निगडित होती, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. एका कराचा अभ्यास करता करता माणूस स्वातंत्र्याच्या प्रश्नापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उदाहरण आहे.

मिनेझिसांच्या घरी ते उतरल्याची वार्ता पसरली आणि गोव्यातील लोक त्यांना भेटायला येऊ लागले. विश्रांती बाजूलाच राहिली. लोकांनी सांगितलेल्या हकिकती ऐकून लोहियांनी ठरवले की सभाबंदीचा हुकूम उघडपणे मोडायचा. दिवस ठरला १८ जून १९४६. ठिकाण मडगाव.

प्रवास आणि मैदान

आम्ही यंदाच्या १८ जूनला रात्रीच्या गाडीने बेळगाव सोडले. लोंढा गेले तेव्हा मित्राने टिपणवहीतले एक वाक्य वाचून दाखवले. लोहियांच्या सत्याग्रहानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४६ मध्ये, गोव्याच्या कार्यकर्त्यांनी ‘नॅशनल काँग्रेस (गोवा)’ ही संघटना स्थापन केली ती याच लोंढ्याला. गोव्यात सभा घेता येत नाही म्हणून गोव्याच्या चळवळीची सभा आपल्या बेळगाव जिल्ह्यात! कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबली. एके काळी येथे हिंदुस्थानची हद्द संपत असे. येथे एकदा सामान तपासायचे आणि घाट उतरल्यावर कुळ्याला पोर्तुगीज पुन्हा तपासत. बाहेर पाऊस आणि अंधार होता. दूधसागर दिसला नाही, नुसता आवाज ऐकू आला.

मडगावला उतरलो तेव्हा उजाडत होते. पाऊस थांबून थांबून पडत होता. चहा घेऊन आम्ही विचारत विचारत निघालो. फुले विकणाऱ्या एका आजींना मराठीत रस्ता विचारला. त्यांनी हातानेच दाखवले आणि कोकणीत म्हणाल्या, “हेंच तें मैदान. काल येवंक जाय आशिल्लें.” काल यायला हवे होते. १८ जून हा गोव्यात क्रांतिदिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी येथे सरकारी समारंभ असतो, स्वातंत्र्यसैनिकांचे स्मरण होते. आम्ही एका दिवसाने चुकलो होतो.

पण त्याचे वाईट वाटले नाही. समारंभ संपलेला होता आणि मैदान पुन्हा नेहमीच्या लोकांचे झाले होते. लोहियांच्या पुतळ्यापाशी आदल्या दिवशीचे हार पावसात भिजून जड झाले होते. छत्री मिटून एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. शाळेच्या दोन मुली एका छत्रीखाली घाईने पलीकडे गेल्या. तीनचार माणसे उभी राहून मोठमोठ्याने कशावरून तरी वाद घालत होती. आमच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. मित्र म्हणाला, “एवढेच?” मलाही मैदान लहान वाटले. इतिहासाच्या पुस्तकातले मैदान मनात मोठे असते.

मग आम्ही एका कडेला बसलो आणि तो दिवस पायरीपायरीने आठवू लागलो.

तेव्हाही पाऊस होता. लोहिया आणि मिनेझिस घोडागाडीतून मैदानावर आले. पावसात शेकडो लोक जमलेले होते. येणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांची भीती होती आणि तरी ते आले होते. लोहिया बोलायला उभे राहणार तोच प्रशासक कॅप्टन मिरांदा पिस्तूल घेऊन पुढे आला. लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला सारला. दोघांनाही अटक झाली. ठरलेली सभा ठरल्याप्रमाणे झालीच नाही. पण लोक पांगले नाहीत, ते घोषणा देत पोलीस ठाण्यासमोर जमले. शेवटी लोकांना शांत करण्यासाठी लोहियांनाच त्यांच्याशी बोलू द्यावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडून गोव्याच्या हद्दीबाहेर पाठवण्यात आले.

येथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या दिवशीचे भाषण म्हणून मोठे असे काही शिल्लक नाही. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत आम्हाला शिकवतात की सभा वक्त्यामुळे गाजते. मडगावची सभा ऐकणाऱ्यांमुळे गाजली. वक्त्याला बोलू दिले नाही, तरी सभा झाली, कारण जमायचे नाही असा हुकूम असताना लोक जमले होते. कलम १९ मधल्या ‘एकत्र जमणे’ या शब्दांचा अर्थ मला त्या ओल्या कट्ट्यावर बसून कळला. तेथे बोलता येणे ही नंतरची गोष्ट आहे. आधी नुसते येऊन उभे राहता यावे लागते.

पुढे काय झाले?

१८ जूननंतर गोव्यात निरनिराळ्या गावी लोक सभा घेऊ लागले आणि तुरुंगात जाऊ लागले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून लोहियांची बाजू घेतली. गोव्यातील राष्ट्रीय चळवळीचे जनक मानले जाणारे त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना जुलैमध्ये अटक झाली. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. ८ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही गोव्यातून पोर्तुगालला नेण्यात आले. लोहिया २९ सप्टेंबरला पुन्हा आले तेव्हा त्यांना कुळ्याच्या स्टेशनवरच पकडले आणि आग्वादच्या किल्ल्यात ठेवले. वर्षअखेरीस चळवळ दडपली गेली.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला, गोवा झाला नाही. १९५५ साली देशभरातून सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर आले. सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांची तुकडी मे महिन्यात गेली. त्यानंतर नरगुंदचे जगन्नाथराव जोशी आणि मधू लिमये गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक लोक ठार झाले. यानंतर भारत सरकारने रेल्वे बंद केली आणि व्यापारावर निर्बंध घातले. आपण अर्थशास्त्रात ‘आर्थिक नाकेबंदी’ ही संज्ञा शिकतो, तिचे हे घरालगतचे उदाहरण. बेळगावची भाजी आजही रोज घाट उतरून गोव्यात जाते. तेव्हा हा माल थांबला आणि गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आले. पोर्तुगीज सरकारने लोहखनिजाच्या निर्यातीच्या पैशावर आयात चालू ठेवली. केवळ नाकेबंदीने राज्य पडले नाही. शेवटी १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.

१८ जून १९४६ पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत १५ वर्षे ६ महिने होतात. हा हिशेब मी मैदानावरच वहीत मांडला.

मैदान की सैन्य?

तो हिशेब पाहून मित्राने जो प्रश्न काढला तो या लेखातला खरा प्रश्न आहे. तो म्हणाला, “मग मैदानाने काय केले? गोवा सैन्याने सोडवला. आणि ते सैन्य निघाले आपल्या बेळगावहून. पुतळा असलाच तर त्या सैनिकांचा हवा.”

त्याचे म्हणणे खोटे नाही. मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगावला झाली होती आणि सांबऱ्याच्या विमानतळावरून विमाने उडाली होती. आमच्या गावातील लहान मुलालासुद्धा याचा अभिमान वाटतो. मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. दुपारच्या गाडीत बसलो तरी आमचा वाद चालूच होता.

कुळे आले तेव्हा दिवस होता. गाडीला मागून इंजिने जोडेपर्यंत आम्ही फलाटावर उतरलो. याच स्टेशनवर सप्टेंबर १९४६ मध्ये लोहियांना पकडले होते. तेथे उभे राहून मी मित्राला माझे उत्तर सांगितले ते असे.

सैन्य प्रदेश घेऊ शकते. पोर्तुगिजांनीही १५१० साली सैन्यानेच गोवा घेतला होता. मग १५१० आणि १९६१ या दोन साली झालेल्या गोष्टींत फरक कोणता? १९६१ साली सैन्य येण्यापूर्वी १५ वर्षे त्या प्रदेशातील लोकांनी जमून, मार खाऊन, तुरुंगात जाऊन आपल्याला काय हवे ते सांगितलेले होते. ते सांगणे उघडपणे आणि मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते मडगावच्या मैदानावर. सैन्याने दार उघडले हे खरे. पण आत कोंडलेल्या माणसांनी ते आतून ठोठावलेले होते.

मित्राने ऐकून घेतले आणि दुसरा प्रश्न टाकला. “आज आपल्याला सभा घ्यायची तर पोलिसांची परवानगी लागतेच की. फरक काय पडला?”

हा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात असतो म्हणून त्याचे उत्तर येथे देतो. आपल्या संविधानातही या हक्कावर बंधने आहेत. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आणि देशाच्या अखंडतेसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा सरकारला आहे. पण ‘वाजवी’ या शब्दात सगळे सार आहे. आपल्याकडे हक्क हा नियम आणि निर्बंध हा अपवाद. निर्बंध घालणाऱ्याला कारण द्यावे लागते आणि ते कारण वाजवी आहे की नाही, हे न्यायालयात जाऊन तपासून घेता येते. १९४६ च्या गोव्यात याच्या उलट होते. बंदी हा नियम आणि परवानगी ही मेहेरबानी. मेहेरबानी नाकारली तर दाद कोठे मागायची? ज्याच्या हातात पिस्तूल होते, परवानगी देणाराही तोच होता. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर एक खातेदाराचे स्वतःचे पैसे आणि दुसरी सावकाराची उसनवार. दोन्हींत रक्कम तीच असली तरी मालक वेगळा असतो.

मात्र मित्राचा प्रश्न मी पूर्ण खोडून काढला असे मी म्हणणार नाही. स्वतःच्या खात्यात पैसे असूनही बँकेत पाऊल न टाकणारे खातेदार असतात. मी त्यांपैकीच एक होतो. बोलायला कोणाची बंदी नसताना, सरांनी दोन भाषांची मुभा दिलेली असताना मी वर्गात तोंड उघडले नव्हते. मडगावला पावसात जमलेल्या माणसांना घरी परत जाता येईल याची खात्री नव्हती. मला फार तर वर्गात हसले असते.

समारोप

परतल्यावर पहिल्याच तासाला मी हात वर केला आणि सरांना उत्तर दिले. हा हक्क नसेल तर माझ्या काकांच्या छापखान्यातील लग्नपत्रिका अडेल, या मासिकाचा मराठी विभाग आणि कन्नड विभाग दोन्ही अडतील, आणि पावसात मैदानावर उभे राहून मोठ्याने वाद घालणारी ती तीनचार माणसे अडतील. मी सुरुवात इंग्रजीत केली, मध्ये अडखळलो आणि बाकीचे मराठीत सांगितले. वर्गात थोडे हसू झाले. सर म्हणाले, “आता दोन गुण खरे.”

विद्यार्थिमित्रांनो, मडगाव आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. सहलीला गोव्याला जाणारे आपण समुद्रकिनारे पाहून परत येतो. पुढच्या वेळी अर्धा तास या मैदानासाठी ठेवा. पाहण्यासारखे तेथे फार नाही. शक्यतो समारंभाचा दिवस सोडून जा आणि तेथे जी माणसे सहज बसलेली, बोलत असलेली दिसतील त्यांच्याकडे पाहा.

माझ्या मित्राला माझे म्हणणे अजून पटलेले नाही. सैन्याची बाजू त्याने याच अंकाच्या कन्नड विभागात मांडली आहे आणि ती चांगली मांडली आहे, हे मला मान्य करावे लागते. ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांनी दोन्ही लेख वाचावेत आणि आमचा निवाडा करावा.

— बी.कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग